विरघळते किती? : द्राव्यतेच्या मापनाची कथा



तुमसरहून उत्तरेकडे निघाले म्हणजे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग ही दोन नावे लागतात, आणि त्या नावांबरोबरच मँगनीजचे नाव येते. तिथला तो काळा, हाताला जड लागणारा दगड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यावर किती पावसाळे पडून गेले याची गणती नाही. पण पाण्याने तो विरघळून वाहून गेला नाही, म्हणून तर तो आपल्या वाट्याला आला. आणि नेमकी हीच गोष्ट पुढे माणसाच्या अडचणीची ठरते. या दगडातून टॉर्चच्या सेलला लागणारे अगदी शुद्ध मँगनीज डायऑक्साइड काढावयाचे, तर त्याला आधी पाण्यात उतरविले पाहिजे. पाण्यात काय उतरते, किती उतरते आणि कितीवर थांबते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय स्वयंपाकघरातला वाटेल. साखरेचा पाक करणारी प्रत्येक गृहिणी तो जाणते. परंतु ‘पाणी अमुक इतके ऊन असता त्यात अमुक इतकाच क्षार विरघळतो’ असा एक भरवशाचा आकडा हाती यावयाला रसायनशास्त्राला शंभर वर्षे झगडावे लागले. आणि त्या झगड्यातले एक बोधप्रद प्रकरण आपल्या याच मँगनीजच्या क्षाराचे आहे.

प्रथम दगडाची हकीकत थोडक्यात. जुन्या मध्यप्रांतात मँगनीजच्या खाणींचे काम एकोणिसावे शतक संपता संपता सुरू झाले. नागपूर, भंडारा, बालाघाट हा सारा पट्टा धुंडाळून भूगर्भशास्त्र खात्याचे लुइस ली फर्मर यांनी १९०९ साली हिंदुस्थानातील मँगनीजच्या साठ्यांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. या भागातील एका खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ असे नाव दिले. आपल्या गोंड बांधवांचे नाव असे जगाच्या भूगर्भशास्त्रात कायमचे जाऊन बसले. खाणी बरीच वर्षे एका इंग्रज कंपनीकडे होत्या. १९६२ साली तिच्यासह केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश यांच्या भागीदारीने नवी कंपनी निघाली, १९७७ साली इंग्रज कंपनीचे उरलेले भागही सरकारने घेतले, आणि आज ती ‘मॉयल’ या नावाने ओळखली जाते. तिचे मुख्य ठाणे नागपूरला आहे. दगडाचा मोठा वाटा पोलादाच्या कामी जातो. परंतु डोंगरी बुजुर्गचा दगड डायऑक्साइडने संपन्न असल्यामुळे सेलच्या धंद्यात त्याला मान आहे, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथे विजेच्या साहाय्याने शुद्ध डायऑक्साइड काढण्याचा कारखानाही उभा राहिला.

या रीतीतली गंमत अशी की आरंभीही मँगनीज डायऑक्साइड आणि शेवटीही मँगनीज डायऑक्साइडच. दगड दळावयाचा, कोळशाबरोबर तापवून त्यातला काही प्राणवायू काढून घ्यावयाचा. म्हणजे जो पदार्थ सौम्य गंधकाम्लाला दाद देत नव्हता तो त्यात निमूटपणे उतरतो. फिकट गुलाबी द्रावण तयार होते. हे मँगनीज सल्फेटचे द्रावण. त्यातले लोह आदी मल काढून टाकावयाचे, मग वीज सोडावयाची. ध्रुवावर पुन्हा काळे डायऑक्साइड बसते, आणि गंधकाम्ल मोकळे होऊन पुढच्या घाण्याला उपयोगी पडते. मधली सारी खटपट त्या गुलाबी पाण्याच्या जिवावर चालते. तेव्हा त्या पाण्यात सल्फेट मावते तरी किती, हा प्रश्न कारखानदाराला टाळता येत नाही.

आता थोडे मागे जाऊ. द्राव्यतेचा व्यवहार माणूस फार पूर्वीपासून करीत आला आहे. त्यातल्या त्यात सोऱ्याचा व्यवहार सर्वांत शिकविणारा. बिहारकडचे नोनिया लोक खारवट माती पाण्यात कालवून, ते पाणी आटवून सोरा काढीत. बंदुकीच्या दारूला तो लागे, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे तो भरभरून विलायतेला नेत. मातीतून सोऱ्याबरोबर साधे मीठही येई. ते वेगळे कसे करावयाचे? उकळत्या पाण्यात दोन्ही विरघळवून पाणी निवू दिले की सोरा खाली बसतो आणि मीठ बरेचसे पाण्यातच राहते. आज आपण याचे कारण आकड्यांत सांगू शकतो: शंभर ग्रॅम पाण्यात शून्य अंशावर सोरा जेमतेम १३ ग्रॅम विरघळतो, वीस अंशांवर ३२, आणि उकळत्या पाण्यात २४० च्या वर. मीठ मात्र थंड पाण्यात ३६ आणि उकळत्यात ३९. म्हणजे त्याला उन्हाळा-हिवाळा जवळजवळ सारखाच. नोनियाला हे आकडे ठाऊक नव्हते. त्याचा हात त्यांना ओळखत होता.

हात ओळखतो ते कागदावर आणण्याचे काम फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांनी केले. १८१८ साली ते तेथील सरकारी दारूखात्याच्या सल्लागार मंडळावर आले, आणि १८१९ साली त्यांनी निरनिराळ्या क्षारांची द्राव्यता निरनिराळ्या उष्णतामानांना मोजून तिच्या वक्ररेषा आखल्या. दारूखाते आणि ही मोजणी यांच्यात फक्त एका वर्षाचे अंतर आहे, हे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही. सोऱ्याची रेषा सरळ आकाशाकडे चढत गेली, मिठाची जमिनीला धरून राहिली. परंतु सोडियम सल्फेटच्या रेषेने सर्वांना बुचकळ्यात टाकले. शून्य अंशावर ५ ग्रॅम, वीसवर १९, तिसावर ४१, आणि तेहतीसच्या आसपास सुमारे ५० ग्रॅमपर्यंत ती झपाट्याने चढते. तिथे तिला एकदम कोपरा येतो, आणि पुढे पाणी तापवीत जावे तसतशी ती हळूहळू उतरते. ऊन पाण्यात अधिक विरघळते, ही जी आपली सर्वसाधारण समजूत, तिला येथे धक्का बसला.

कोपरा का यावा? याचा उलगडा शतकाच्या मध्याला लोवेल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून होऊ लागला. पुष्कळसे क्षार स्फटिक होताना आपल्याबरोबर पाणी बांधून घेतात. मोरचूद तापविला की निळा रंग जाऊन पांढरी भुकटी होते, ती हे बांधलेले पाणी निघून गेल्यामुळेच. यास स्फटिकजल म्हणतात. सोडियम सल्फेटचा स्फटिक थंडीत दहा रेणू पाणी बाळगतो. सुमारे साडेबत्तीस अंशांच्या वर ते सोडून देऊन कोरडा होतो. म्हणजे ती एक वक्ररेषा नव्हतीच. दोन वेगळ्या पदार्थांच्या दोन रेषा एका बिंदूत मिळत होत्या, आणि पाहणारा त्यांना एकच समजत होता. पाण्यात गेल्यावर दोन्ही एकरूप होतात हे खरे. पण किती जाईल हे ठरते तळाशी उरलेल्या स्फटिकावरून. द्राव्यता मोजणाऱ्याने वरच्या पाण्याकडे पाहावे त्याहून अधिक तळाच्या गाळाकडे पाहावे, ही दृष्टी येथून आली.

आता प्रत्यक्ष मोजावयाचे कसे ते पाहू. श्रोत्यांना वाटेल, यात काय मोठे? बाटलीत पाणी घ्यावे, क्षार टाकावा, हलवावे, वरचे पाणी काढून आटवावे आणि उरलेला क्षार तोलावा. रीत हीच. परंतु तिच्यात चोरवाटा किती आहेत!

पहिली चोरवाट काळाची. विरघळणे थांबले आहे की केवळ मंदावले आहे? १८९७ साली अमेरिकेत नॉइज आणि व्हिटनी यांनी दाखविले की द्रावण जसजसे भरत येते तसतसा विरघळण्याचा वेग कमी होत जातो. जितकी जागा उरली असेल त्या प्रमाणात वेग. म्हणजे शेवटचा घास फार रेंगाळतो. तासाभराने मोजणाऱ्याचा आकडा खरा असतो, पण तो त्या तासाचा असतो, पदार्थाचा नव्हे. यावर उपाय मोठा सुंदर आहे. दोन बाटल्या घ्यावयाच्या. एकीत ताजे पाणी आणि भरपूर क्षार. दुसरीत क्षमतेहून अधिक क्षार आधीच उतरविलेले पाणी, म्हणजे सोऱ्यासारख्या क्षाराच्या बाबतीत अधिक उष्णतेवर भरून मग खाली आणलेले. दोन्ही एकाच टाकीत, एकाच उष्णतामानावर, दिवसेंदिवस फिरवीत ठेवावयाच्या. पहिली खालून वर चढते, दुसरी वरून खाली उतरते. दोघींची गाठ एका आकड्यावर पडली तरच तो आकडा मानावयाचा. न्यायाधीशाने वादी आणि प्रतिवादी दोघांची उलटतपासणी घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

दुसरी चोरवाट उष्णतामानाची. टाकीतले पाणी अंशाच्या दशांशानेही हलू नये, आणि उष्णतामापकावर विश्वास टाकता यावा. येथे हार्वर्डचे थिओडोर रिचर्ड्स यांची युक्ती सांगण्यासारखी आहे. ज्या सोडियम सल्फेटच्या कोपऱ्याने पूर्वी सर्वांना चकविले होते, तोच कोपरा इतक्या ठरावीक जागी येतो की उष्णतामापक तपासण्यासाठीच त्याचा उपयोग करावा, असे त्यांनी १८९८ साली सुचविले. रिचर्ड्स यांना पुढे मूलद्रव्यांचे अणुभार अचूक ठरविल्याबद्दल १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या हातून सुटलेली दशांशाची चूक दुसऱ्या कोणाला सापडणे कठीणच होते.

तिसरी चोरवाट नमुना काढण्याची. गरम टाकीतून थंड नळीने द्रावण ओढले तर नळीतच स्फटिक जमतात, आणि तोलावयाला येते ते उणे. म्हणून नळी ऊन करून घ्यावी, असे सारी पुस्तके सांगतात. पण जो क्षार ऊन पाण्यात कमी विरघळतो त्याच्या बाबतीत जरुरीपेक्षा अधिक तापलेली नळीच दगा देईल! आणि चौथी चोरवाट निव्वळ भाषेची. शंभर ग्रॅम पाण्यामागे त्रेसष्ट ग्रॅम क्षार म्हणजे शंभर ग्रॅम द्रावणामागे सुमारे साडेअडतीस. दोन्ही आकडे खरे. पण कोणता कशामागे हे लिहावयाचे राहिले की पुढचा माणूस फसतो. शिवाय ‘क्षार’ म्हणजे स्फटिकजलासकट की कोरडा, हेही सांगावयास हवे. छापील आकड्यांतले कित्येक घोळ या एवढ्याशा आळसाचे आहेत.

या सर्व चोरवाटा मनाशी धरून आता आपल्या गुलाबी पाण्याकडे वळू. मँगनीज सल्फेट हा क्षार या बाबतीत सोडियम सल्फेटपेक्षाही खट्याळ. तो कधी सात रेणू पाणी बांधतो, कधी पाच, कधी चार, कधी एकच. १८९३ साली लाइनबार्गर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने त्याच्या द्राव्यतेची मोजणी प्रसिद्ध केली. छापून आली, म्हणून ती प्रमाण झाली. सात वर्षांनी फ्रेडरिक कॉट्रेल या तेवीस वर्षांच्या तरुणाने तेच काम पुन्हा हाती घेतले. हे गृहस्थ १८९७ पासून १९०० पर्यंत कॅलिफोर्नियात ओकलंड येथील हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवीत होते. आपल्याकडच्या शाळामास्तरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात लाइनबार्गर यांचे आकडे चुकीचे ठरले.

एकाने एक सांगितले, दुसऱ्याने दुसरे. खरे कोणाचे? येथे रिचर्ड्स पुढे आले. फ्रॅप्री यांना बरोबर घेऊन त्यांनी हार्वर्डला तिसऱ्यांदा मोजणी केली आणि १९०१ साली निकाल दिला: कॉट्रेल यांचे बरोबर. दोन वेगळ्या शहरांत, वेगळ्या हातांनी, वेगळ्या उपकरणांनी जे मिळाले ते जुळले. मला या तिसऱ्या मोजणीचे महत्त्व पहिल्या दोहोंपेक्षा अधिक वाटते. तिच्यात नवा शोध काही नाही, कीर्तीही फारशी नाही. आणि नोबेल मिळविण्याच्या योग्यतेच्या माणसाने ती केली. (फ्रॅप्री हे पुढे छायाचित्रणाच्या एका अमेरिकन मासिकाचे प्रसिद्ध संपादक झाले. आणि कॉट्रेल यांनी धुरातली राख विजेने पकडण्याचे यंत्र काढले. आपल्या विदर्भातील औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यांशी आज राख अडते ती त्याच तत्त्वावर. त्या शोधाचे हक्क त्यांनी १९१२ साली संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकले.)

मोजणीतून चित्र निघाले ते असे. पन्नास अंशांवर चार रेणू पाण्याचा स्फटिक तळाशी असेल, तर शंभर ग्रॅम पाण्यात सत्तरीच्या वर ग्रॅम सल्फेट उतरते. त्याच पन्नास अंशांवर एक रेणू पाण्याचा स्फटिक तळाशी असेल, तर अठ्ठावन्नच्या आसपास. पाणी तेच, उष्णतामान तेच, क्षार तोच. आणि उत्तरे दोन! यांपैकी दुसरे टिकाऊ. जो स्फटिक त्या उष्णतामानाला अधिक स्थिर असतो तो नेहमी कमी विरघळतो. चार रेणूंचा स्फटिक तेथे उपऱ्यासारखा असतो. काही काळ निभावतो, आणि एकदा का एक रेणूचे बी द्रावणात पडले की आपले जास्तीचे सारे सल्फेट खाली टाकून मोकळा होतो. मोजणाऱ्याने घाई केली तर त्याला उपऱ्याचाच आकडा मिळावयाचा.

स्थिर स्फटिकांचेच आकडे घेतले तर दहा अंशांवर सुमारे ६०, वीस आणि तीस अंशांवर सुमारे ६३, चाळीसवर पुन्हा ६०, साठवर ५४, ऐंशीवर ४६ आणि उकळत्या पाण्यात ३५. म्हणजे आपल्या भंडाऱ्याच्या डिसेंबरातल्या पहाटे आणि मार्चातल्या कडक दुपारी हे पाणी जवळजवळ सारखेच सल्फेट धरते. जास्तीत जास्त धरते ते मधल्या सुखाच्या हवेत. ज्याला हे ठाऊक नाही तो गाळ बसला की पाणी तापवावयास धावेल, आणि गाळ वाढेल. भरलेले द्रावण तापविणाऱ्या नळ्यांवर अशा क्षाराचा कठीण थर बसतो, तो याच कारणाने.

असे आकडे जगभरच्या नियतकालिकांत विखुरलेले होते. अमेरिकेतील ॲथर्टन सायडेल यांनी १९०७ साली ते एका ग्रंथात गोळा केले, आणि मँगनीज सल्फेटच्या ठिकाणी लाइनबार्गर यांचे आकडे चूक ठरले आहेत हे स्पष्ट नोंदविले. नुसते संकलन आणि पारखून केलेले संकलन यांत हाच फरक. पुढे १९७९ पासून रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने याच धोरणाने ग्रंथमालाच काढली. तिच्यात एकाच पदार्थावरच्या सर्व मोजण्या शेजारी शेजारी मांडून परीक्षक ठरवितो की ही ग्राह्य, ही तूर्त ग्राह्य, ही संशयास्पद, ही त्याज्य.

इतका काटेकोरपणा कशाला, असे कोणी विचारील. १९९६ साली एड्सच्या रोग्यांसाठी रिटोनाव्हिर नावाचे औषध बाजारात आले. ते पोटात नीट विरघळत नाही म्हणून द्रावणाच्या रूपात कॅप्सूलमध्ये भरलेले होते. सर्व कसोट्या उतरलेल्या. दोन वर्षांनी, १९९८ साली, कॅप्सूल विरघळण्याच्या कसोटीत नापास होऊ लागल्या. त्या औषधाचा पूर्वी कोणी न पाहिलेला एक स्फटिक अवतरला होता. अधिक स्थिर, आणि म्हणून फारच कमी विरघळणारा. जे द्रावण आजवर भरलेले मानले होते ते या नव्या स्फटिकाच्या हिशेबाने कितीतरी पट ओसंडलेले होते. कॅप्सूलचा पुरवठा बंद पडला, रोग्यांना बेचव पातळ औषधावर राहावे लागले, आणि नवी बनावट यावयाला पुढचे वर्ष उजाडले. कॉट्रेल यांच्या पन्नास अंशांवरच्या दोन उत्तरांचीच ही दुसरी आवृत्ती. फरक एवढाच की येथे माणसे वाट पाहत होती.

आता शेवटी आपल्या बांधीत येऊ. धानाच्या बांधीत पाणी तुंबले की मातीत हवा पोचत नाही; मातीतल्या मँगनीजच्या न विरघळणाऱ्या डायऑक्साइडमधला प्राणवायू सूक्ष्म जंतू ओढून घेतात, आणि मँगनीज पाण्यात उतरते. कारखान्यात भट्टी जे करते ते बांधीत चिखल करतो. म्हणून उभ्या पाण्यातल्या धानाला मँगनीजची वाण सहसा पडत नाही. पण पाण्याबरोबर ते खाली झिरपूनही जाते; पंजाबातल्या रेताड जमिनीत धानामागून गहू घेतला की त्याला ते कमी पडते, आणि मग हेच मँगनीज सल्फेट विकत आणावे लागते. १९८५ च्या खतनियंत्रण आदेशाने अशा खतात मँगनीज शेकडा साडेतीस तरी असलेच पाहिजे असे ठरविले आहे. एक रेणू पाण्याच्या शुद्ध स्फटिकात ते शेकडा ३२.५ असते, चार रेणूंच्या स्फटिकात २४.६, पाच रेणूंच्या स्फटिकात २२.८. तेव्हा त्या आदेशाला उतरणारा स्फटिक एक रेणूचाच असू शकतो. पंचवीस किलोच्या पोत्यात तो शुद्ध असेल तर आठ किलोंवर मँगनीज येते. चार रेणूंचा असेल तर सव्वासहा किलोही भरत नाही. दोन्ही रंगाला फिके गुलाबी, आणि दोन्ही बादलीत टाकले की दिसेनासे होतात.